नोव्हेंबरचा बर्फ आणि गुडघ्याला बाशिंग

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागतात, त्या सुमारास कोलोरॅडोतल्या आम्हा चौघांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डोंगरांचे फोटो येऊ लागतात. खिंडीतल्या कॅमेऱ्यात रस्त्याकडेचे गवत पांढरे दिसले, एवढे निमित्त आम्हाला पुरते. ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण नोव्हेंबरात स्की घेऊन डोंगराकडे धावणाऱ्यांना पाहूनच सुचली असावी असे मला दर वर्षी वाटते, आणि दर वर्षी मी त्या वरातीत असतोच.

लव्हलँड आणि अरापाहो बेसिन ही स्की-केंद्रे कृत्रिम बर्फाच्या जोरावर पुष्कळदा ऑक्टोबरातच सुरू होतात; पण तपकिरी डोंगरावर अंथरलेल्या एकाच पांढऱ्या पट्ट्यावर अवघे डेन्व्हर लोटलेले असते. म्हणून आम्ही बर्थड खिंड गाठतो. खिंडीची उंची ३,४४६ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक, आणि गाडी थेट वरपर्यंत जाते. येथे १९३७ मध्ये सुरू झालेले स्की-केंद्र २००१ मध्ये बंद पडले. स्कीयरना वर नेणारे पाळणे काढून नेले, पण झाडे तोडून केलेले जुने उतार तसेच आहेत. त्यांच्याखाली धोंड्यांऐवजी बहुतांशी गवत असल्याने थोड्या बर्फावरही तेथे भागते. मोसमाच्या सुरुवातीला ही गोष्ट लाखमोलाची असते.

सकाळी साडेसहाला उणे चौदा अंश तापमानात गाडीच्या मागे उभे राहून आम्ही स्कीच्या तळाला ‘स्किन’ चिकटवल्या. पूर्वी या पट्ट्या सीलच्या कातड्याच्या असत, आता नायलॉनच्या किंवा अंगोरा बकरीच्या लोकरीच्या असतात. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसे त्यांचे केस पुढे जाताना सुळसुळीत लागतात आणि मागे सरकू लागले की उभे राहून बर्फ धरतात, त्यामुळेच स्की पायात असूनही चढता येते. नंतर प्रत्येकाने दुसऱ्याचा बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा माग देणारे संदेशयंत्र) चालू असल्याची खात्री केली आणि पाठपिशवीत फावडे व शोधकाठी आहे ना, हे विचारले. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. तेवढ्या वेळात बचाव पथक पोहोचत नाही, पोहोचतो तो सोबतचा मित्र. म्हणून या खेळात मित्र निवडताना त्याच्या स्कीइंगच्या कौशल्यापेक्षा तो फावडे किती शिस्तीने चालवतो हे मी आधी पाहतो.

आमच्यातला एक मित्र मूळचा नाशिकचा. सह्याद्रीत पंधरा वर्षे काढल्यामुळे त्याला इथला डोंगरही सोंड, नाळ, धार याच शब्दांत दिसतो. जुन्या उताराच्या माथ्यावर पोहोचताच त्याने उत्तरेकडची एक नाळ, म्हणजे कड्यांमधली अरुंद उभी घळ, दाखवली. कडेकपारीतून नितळ पांढरी, एकही दगड वर न आलेली. दक्षिणेकडचे उतार मात्र उन्हाने पुरते उघडे पडले होते. “एवढे आलोच आहोत तर...” त्याने सुरुवात केली. हे वाक्य सह्याद्रीत आम्ही दोघांनी इतक्यांदा उच्चारले आहे, की त्याचा उरलेला अर्धा भाग मला पाठ आहे.

नाळेच्या तोंडाशी न जाता, त्याच दिशेच्या एका सौम्य उतारावर आम्ही बर्फाचे थर तपासायला खड्डा खणला. बर्फ जेमतेम साठ सेंटीमीटर होता. वरचा थर वाऱ्याने दाबून पाटीसारखा घट्ट झालेला, आणि त्याखाली ऑक्टोबरातला बर्फ. मी तो ओंजळीत घेतला तर जाड साखरेसारखा बोटांमधून गळून गेला. मूठ आवळली तरी त्याचा गोळा होईना. याचे कारण सरळ आहे. जमीन शून्य अंशाच्या आसपास उबदार असते, वर निरभ्र रात्रीची कडाक्याची थंडी असते, आणि मधला बर्फ अगदी पातळ असतो. दहा सेंटीमीटरमागे एक अंशाहून अधिक फरक पडला की वाफ खालून वर सरकत राहते आणि मूळचे कण मोडून मोठे, कोनदार, एकमेकांना न धरणारे स्फटिक तयार होतात. मोसमाच्या सुरुवातीची खरी गोम इथेच आहे: स्कीइंगपुरता बर्फ ज्या सावलीतल्या उतारांवर टिकतो, त्यांच्याच पोटात ही साखर असते. ऊन लागणाऱ्या बाजूला धोकाही उरत नाही आणि बर्फही.

वरचा थर किती सहज सुटतो हे पाहायला, खड्ड्याच्या भिंतीतून मोकळ्या केलेल्या बर्फाच्या खांबावर फावडे ठेवून मी थापट्या मारू लागलो. मनगटातून दहा झाल्या, काही झाले नाही. कोपरातून दुसऱ्या थापेला वरची पाटी साखरेवरून सफाईने पुढे घसरली आणि माझ्या मांडीवर आली. नाशिककर बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. नाळेचा उतार पस्तीस-अडतीस अंशांचा होता, म्हणजे हिमस्खलनाला नेमका मानवणारा. “घसाऱ्यावर ठेवलेली फरशी आहे ही,” असे म्हणून त्याने स्वतःच स्कीचे तोंड जुन्या उताराकडे वळवले. एवढे अचूक वर्णन मी कोणत्याही हिमस्खलन-वर्गात ऐकलेले नाही.

त्या मऊ उतारावरून खाली यायला चार मिनिटे लागली असतील. पहिली सहा वळणे अशी जमली, की चौघेही विनाकारण ओरडत होतो. सातव्या वळणावर बर्फाखालचा दगड माझ्या डाव्या स्कीला लागला. तो आवाज दातांत जाणवतो. खाली गाडीशी उरलेली शंकरपाळी खाल्ली (एनर्जी बारचा त्या थंडीत दगड होतो, शंकरपाळ्यांचे तसे नसते) आणि स्कीच्या तळावरची बोटभर लांब खाच सर्वांनी आळीपाळीने चाचपून पाहिली.

रविवारी गॅरेजमध्ये मी प्लॅस्टिकची कांडी पेटवून त्या खाचेत थेंब थेंब सोडत होतो. थेंब काळा पडला तर पकड धरत नाही, म्हणून ज्योत निळी ठेवावी लागते, आणि त्यात तासभर गेला. बाहेर बर्फ पडू लागला होता. खिंडीतल्या कॅमेऱ्यात मध्यरात्रीपर्यंत गवत दिसेनासे झाले. आमचा खड्डा तोवर भरला असेल, आणि ती साखर आता आणखी वीस सेंटीमीटर खोल गेली असेल.