बजेट मदरबोर्ड निवड: नोंद ३, ब्रँड बाजूला, व्हीआरएम पुढे

सद्यस्थिती: प्रोसेसर पक्का, रायझन ५ ५६००. सॉकेट एएम४, आकार मायक्रो-एटीएक्स. बोर्ड अजून ठरायचाय.

'भरवशाचा ब्रँड कोणता' हा प्रश्न आता सोडून दिलाय. गिगाबाइट, एमएसआय, बायोस्टार १९८६च्या, आसुस १९८९ची, अ‍ॅसरॉक तर २००२ मध्ये आसुसमधूनच फुटून निघालेली. स्वस्त बोर्डांत या नावांपेक्षा एकाच ब्रँडच्या दोन मालिकांमधला फरक जास्त भरतो. आसुसची 'प्राइम' आणि 'टफ' घ्या: खोक्यावर नाव एकच, पॉवर सेक्शन (व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला हव्या त्या व्होल्टेजची वीज देणारा भाग) वेगळा. म्हणून तुलना मॉडेलची मॉडेलशी, तीही रिव्हिजन (बोर्डाची सुधारित आवृत्ती) बघून. गिगाबाइटच्या बोर्डावर रिव्हिजन कोपऱ्यात छापलेली असते. मॉडेलचं नाव तेच राहून आतले मॉस्फेट (व्हीआरएममधले वीज चालू-बंद करणारे स्विच) किंवा लॅन चिप बदललेली असू शकते, त्यामुळे रिव्ह्यूतला फोटो नि हातातला बोर्ड ताडून पाहायचा.

चिपसेटवर (बोर्डाच्या सोयी ठरवणारी चिप) फार वेळ घालवला नाही. ए५२० चिपसेटवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येत नाही) आणि पीसीआयई (ग्राफिक्स कार्डाचा जोडमार्ग) ३.०च मिळतं; ५६००ला तेवढं पुरतं. अपवाद एकच: आरएक्स ६५०० एक्सटीसारखं जोडमार्गाच्या चारच लेन वापरणारं ग्राफिक्स कार्ड लावायचं असेल तर ३.०वर ते मार खातं, तिथे पीसीआयई ४.० देणारा बी५५० घ्यावा.

खरी छाननी व्हीआरएमची. ५६००ची वीजमर्यादा (पीपीटी) ७६ वॉट, १०५ वॉटच्या, आठ कोअरच्या ५८००एक्सची १४२. १.२ व्होल्ट धरले तर पहिल्याला सुमारे ६३ अँपिअर, दुसऱ्याला ११८. प्रवाह पावणेदोन पटीच्या थोडा वर गेला, पण मॉस्फेटच्या रोधातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास साडेतीन पट. हीटसिंक नसलेला चार फेजचा (प्रवाह वाटून घेणाऱ्या चार शाखांचा) बोर्ड ५६०० आरामात ओढतो आणि ५८००एक्सवर धापा टाकतो, त्याचं कारण हे. पुढेमागे आठ कोअरवर जायचा विचार असेल तर हीटसिंकवाला बोर्ड आत्ताच घ्या. फेजच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. खोक्यावरच्या '८'मध्ये दुप्पट लावलेले मॉस्फेटही मोजलेले असतात.

दुसरी गाळणी बायोसची (बोर्ड सुरू करणारं, चिपमध्ये साठवलेलं सॉफ्टवेअर). बी५५० बोर्ड जून २०२० पासून विक्रीला आहेत, ५६०० आला एप्रिल २०२२ मध्ये. जुन्या साठ्यातला बोर्ड हा प्रोसेसर न ओळखता नुसता काळा स्क्रीन दाखवेल, आणि लोक बोर्ड मेला समजून परत करतात. प्रोसेसरशिवाय बायोस घालायची सोय (आसुसची बायोस फ्लॅशबॅक, गिगाबाइटची क्यू-फ्लॅश प्लस, एमएसआयचं फ्लॅश बायोस बटण) असेल तर चिंता नाही, पण ती प्रत्येक स्वस्त मॉडेलवर नसते. पेनड्राइव्ह फॅट३२, फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये दिलंय तसं अक्षरन् अक्षर, पोर्ट ठरलेलाच. २४ पिन आणि ८ पिन दोन्ही केबल जोडलेल्या. दिवा लुकलुकत असताना वीज गेली तर चिप अर्धवट लिहिली जाते, म्हणून यूपीएसवरच करा.

रॅमच्या दोन कांड्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या नि चौथ्या स्लॉटमध्ये. दोनच स्लॉटचा बोर्ड असेल तर पुढे रॅम वाढवताना जुन्या कांड्या काढाव्या लागतील, हे खरेदीआधीच लक्षात घ्या. एम.२ (एसएसडीचा स्लॉट) वापरल्यावर साटाचे (हार्ड डिस्क जोडायचे) काही पोर्ट बंद पडतात का, तेही मॅन्युअलमध्ये पाहायचं. हे पान बहुतेक जण उघडतच नाहीत.

बोर्ड आल्यावरची चाचणी ठरलीये: केस बंद, प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारं प्राइम९५ अर्धा तास, शेजारी तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो. व्हीआरएम ९० अंशांच्या आत राहिला तर उत्तम. १०५च्या वर गेला किंवा तापमान वाढता वाढता क्लॉक (प्रोसेसरचा वेग) पडू लागला तर परतीची मुदत आहे तोवर बदली. अनेक स्वस्त बोर्डांवर हा सेन्सरच नसतो. मग बोर्डाच्या मागच्या बाजूला, मॉस्फेटच्या नेमक्या मागे, के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) चिकटवायचा. कूलर सोबत आलेलाच असेल तर त्याची हवा व्हीआरएमवर आपसूक पडते. त्या जागी लिक्विड कूलर लावला की प्रोसेसर थंड होतो आणि व्हीआरएम तापतो, तेव्हा कूलर बदलला की हीच चाचणी पहिल्यापासून.