नऊ रंगांची फर्म

भागीदार, मी, दोन लॅपटॉप आणि काच तडकलेला एक जुना फोन, एवढ्यावर ॲपचे स्क्रीन डिझाइन करणारी आमची फर्म सुरू झाली. तो फोन अजून माझ्या टेबलावर आहे. कुठलाही स्क्रीन आधी त्यावर, उन्हात नेऊन, ब्राइटनेस निम्मा करून बघायचा आणि मगच क्लायंटला पाठवायचा. भागीदाराचा आणखी एक दंडक होता: आधी अख्खं ॲप करड्यात उभं करायचं. मुख्य बटण करड्यात उठून दिसत नसेल तर मांडणीच चुकली आहे. मग ब्रँडचा एक रंग, करड्याच्या पाच छटा आणि चूक, इशारा, यश यांचे तीन. झाले नऊ.

याच हट्टापायी आम्ही जवळजवळ बुडालो. निम्म्याहून जास्त काम देणारा क्लायंट एके दिवशी म्हणाला, "तुमचे स्क्रीन फिके वाटतात." त्याच मीटिंगमध्ये दुसऱ्या फर्मने होम स्क्रीन दाखवला, प्रत्येक टाइलला वेगळा ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात मिसळत जाणारा रंग. प्रोजेक्टरवर तो झगमगत होता, हे मान्य. पण थकलेल्या बिलाची लाल सूचना त्या गर्दीत कुठे आहे, ते मला शोधावं लागलं. मी तसं बोललो, तर त्यांच्यातला एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, "यांना रंगांची भीती वाटते." काम गेलं. आम्ही दोघांनी कित्येक महिने पगार घेतला नाही, कामाला ठेवलेली मुलं सोडून गेली, शेवटी भागीदारालाही नोकरी धरावी लागली. काम गेल्याचं दुःख ओसरलं, ते वाक्य मात्र अजून सलतं.

त्या दिवसांत एकच क्लायंट टिकली, औषधांच्या वेळांची आठवण देणाऱ्या ॲपच्या मालकीणबाई. मजकुराला आम्ही ७७७७७७ या कोडचा करडा लावला होता. पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं पार्श्वभूमीवर किती उठून दिसतात त्याचं माप, ४.४८ येतो; डब्ल्यूसीएजीला, म्हणजे स्क्रीन सगळ्यांना वापरता यावा यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांना, साध्या मजकुरासाठी ४.५ लागतो. मी म्हटलं, एवढा फरक कुणाला दिसणार? त्या म्हणाल्या, "पण नियम आहे ना?" ७६७६७६ केला, ४.५४ आला. त्यांच्या भावाला लाल-हिरव्यातला फरक कळत नसे, म्हणून घेतलेल्या गोळीपुढे बरोबरची खूण आणि राहिलेल्या गोळीपुढे 'राहिली' हा शब्द आला. अर्थ नुसत्या रंगावर सोडायचा नाही, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

पुढची वर्षं बरी गेली.

नव्यांना एक सांगतो: डार्क मोड म्हणजे रंग उलटे करणं नव्हे. गडद पार्श्वभूमीवर भडक निळा डोळ्यांत खुपतो, त्याची फिकट छटा घ्या. पार्श्वभूमीही ठार काळी नको, गुगलच्या मटेरियल डिझाइन या मार्गदर्शिकेने तेव्हा १२१२१२ हा जवळजवळ काळा करडा सुचवला होता. आणि रंगांना 'निळा' वगैरे नावं देऊ नका, 'मुख्य कृती', 'दुय्यम मजकूर' अशी कामावरून द्या.

२०१९ मध्ये अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ सोबत डार्क मोड आला, तेव्हा आम्हाला नऊ रंगांच्या नऊच नोंदी बदलायच्या होत्या. त्याच सुमारास आम्हाला फिके म्हणून सोडून गेलेल्या त्या जुन्या क्लायंटचा फोन आला. त्यांच्या ॲपमध्ये एकट्या करड्याच्याच चौदा छटा निघाल्या. काम घेतलं. पहिल्या दिवशी सगळं करडं केलं आणि स्क्रीनशॉट भागीदाराला पाठवला.