गाळ की गाळे: आमचं वस्तुसंग्रहालय कसंबसं राहिलं त्याची गोष्ट

रायगड जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, ज्यांच्याशी भांडलो त्यांच्याचकडे उद्या पाणीपट्टी भरायला जायचंय. तर गावात नगरपरिषदेच्या जुन्या दवाखान्याच्या कौलारू इमारतीत आमचं छोटं वस्तुसंग्रहालय आहे. साडेतीन खोल्या, साडेतीन अशासाठी की चौथी पावसाळ्यात निम्मी बंदच असते. हायस्कूलच्या गुरुजींनी ऐंशीच्या दशकात सायकलवरून वाड्यावाड्या पालथ्या घालून जमवलेला पसारा आहे सगळा. शिवराई नाणी, दौती, बोरू, लामणदिवे, मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), दोन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे दगड), पायली-अधोलीची मापं आणि मागच्या पडवीत एक गधेगाळ.

गधेगाळ ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर चंद्रसूर्य, मधे झिजलेल्या चार ओळी, खाली गाढव आणि बाई. आपल्याकडे कोकणात शिलाहार राजांच्या काळात जमीन दान दिली की असा दगड उभा करायचे, चंद्रसूर्य आहेत तोवर दान चालू, आणि खालचं चित्र म्हणजे जो कोणी ते मोडेल त्याच्या आईला घातलेली शिवी. शाळेची सहल आली की गुरुजी त्याच्यावर गोणपाट टाकायचे आणि एखादं पोरगं ते हमखास उचलून बघायचंच. मीही बघितलंय.

आमचा भाडेकरार मात्र चंद्रसूर्यांच्या साक्षीचा नव्हता, तीन तीन वर्षांचा होता, आणि २०१४ ला संपल्यावर कुणी रिन्यूच केला नव्हता. गुरुजी गेले, खजिनदार मुलाकडे पुण्याला गेले, मी आपला रविवारी कुलूप उघडून झाडू मारणारा. माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे तहसीलसमोर, गावाचे अर्ज टाईप करून देतो, पण आपल्याच संस्थेचा अर्ज करायचं दहा वर्षांत सुचलं नाही. आता लिहिताना पण लाज वाटते.

२०२४ च्या फेब्रुवारीत दारावर नोटीस. इमारत धोकादायक, १५ दिवसांत रिकामी करा. दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर कळलं की तिथं व्यापारी संकुल होणार आहे, खाली गाळे वर हॉल. नगरपालिकांच्या निवडणुकाच तेव्हा रखडलेल्या, त्यामुळे नगरसेवक नाहीत, प्रशासक म्हणून मुख्याधिकारीच सगळं. माजी नगरसेवक भरपूर, सगळ्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले आमच्या हातात असतं तर.

पहिली चूक केली ती ऑनलाईन सह्यांची. भाच्याने पेज बनवलं, फोटो टाकले, "इतिहास वाचवा" वगैरे, आठवड्यात दोन हजारांवर सह्या. पुणे, ठाणे, न्यू जर्सी, दुबई कुठून कुठून. प्रिंट काढून फाईल करून आम्ही पाच जण ऐटीत गेलो मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये. साहेबांनी चार पानं उलटली आणि शांतपणे विचारलं, यातले आपल्या हद्दीतले किती? आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मग दुसरा प्रश्न, हे निवेदन तुम्ही कुठल्या अधिकारात देताय? म्हटलं विश्वस्त मंडळातर्फे. म्हणाले धर्मादाय कार्यालयाच्या रेकॉर्डला विश्वस्त कोण आहेत ते बघून या.

बघून आलो. सात नावं, त्यातली चार माणसं वारलेली, माझं नाव कुठंच नाही. कारण विश्वस्त बदलला की सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज करायचा असतो तो कुणी केलाच नव्हता. म्हणजे कागदावर मी त्या संग्रहालयाचा कुणीही नाही, नुसता झाडू मारणारा. त्या रात्री मला झोप लागली नाही. साहेबांचा राग आला होता, पण त्यांचं चूक काय होतं?

खरं काम दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. जे दोन विश्वस्त हयात आणि हलते-फिरते होते त्यांच्या सह्यांचं पत्र दिलं, मुदतवाढ मागितली. माहिती अधिकारात अर्ज टाकला की धोकादायक ठरवली ती कुठल्या अहवालावरून. त्याला ३० दिवस लागतात आणि आमच्याकडे १५, पण माझ्या दुकानात रोज बसणाऱ्या एका रिटायर अव्वल कारकुनाने सांगितलं, अरे झेरॉक्स कशाला मागतोस, फाईल अवलोकनाला माग, लवकर दाखवतात. (झेरॉक्सवाल्याला हा सल्ला म्हणजे.) दहाव्या दिवशी बोलावलं. फाईलमध्ये एक पान, "प्रत्यक्ष पाहणीत इमारत जीर्ण दिसून आली." बस. स्ट्रक्चरल ऑडिट नाही, फोटो नाही. ते एक पान मोबाईलमध्ये घेतलं आणि मला वाटलं हातात काहीतरी आलं.

तेवढ्यात १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आयुष्यात पहिल्यांदा आचारसंहितेने माझं भलं केलं, टेंडर निघेना, निर्णय होईना, नोटीस तशीच लोंबकळत राहिली. अर्थात निवडणुकीपायी लोकशाही दिन (महिन्यातून एकदा कलेक्टर तक्रारी ऐकतात तो) पण बंद, त्यामुळे कलेक्टर ऑफिसला दाद मागायचं राहिलं. आम्हाला तीन महिने फुकट मिळाले आणि त्यात आम्ही एकच गोष्ट केली, गुरुजींची दाखल नोंदवही बाहेर काढली.

लाल बांधणीची, कोपरे उंदरांनी खाल्लेली. प्रत्येक वस्तूला नंबर, कुणी दिली, कुठल्या आळीतून, कधी, आणि शेवटी गुरुजींचा शेरा. "म्हातारी रडली, पण दिली." "मुलाने विरोध केला, दोनदा जावे लागले." "दुधात माशी असूनही चहा प्यावा लागला." वाचता वाचता भाचा म्हणाला, मामा, ही तर अख्ख्या गावाची वोटर लिस्ट आहे.

तेच. दोन महिने रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की तिघं निघायचो, कुंभारआळी, कोळीवाडा, बाजारपेठ, ब्राह्मणआळी, बौद्धवाडी, मोहल्ला. इतिहास वाचवा हे एकदाही म्हटलं नाही. म्हणायचो, तुमच्या आजीचं जातं आमच्याकडे आहे, नंबर १४३, इमारत पाडतायत, काय करायचं सांगा. माणूस दारातून सरळ आत घ्यायचा. काही ठिकाणी गोची पण झाली, एका घरी दोन भावांत वाद होता आणि लामणदिवा कुणी कुणाला न विचारता दिला यावरून आमच्यादेखत चाळीस वर्षांपूर्वीचं भांडण नव्याने सुरू झालं, आम्ही गुपचूप चपला घालून बाहेर.

१८ मेला जागतिक संग्रहालय दिन असतो. शनिवार होता. भाषण नाही, हारतुरे नाहीत, पुढारी नाहीत, सगळ्यांना एवढंच सांगितलं की या आणि आपापल्या वस्तूशेजारी उभं राहा. वाटलं होतं चाळीस-पन्नास येतील. दुपारी तीननंतर खोल्यांत पाय ठेवायला जागा नाही, उकाडा असा की घामाच्या धारा, आणि तरी कुणी हलेना कारण आपली वस्तू सोडायची कशी. कोळीवाड्यातली एक आजी सासूच्या मीठ ठेवायच्या दगडी भांड्यावर हात ठेवून तासभर बसून होती. पोलीस येऊन बघून गेला, सभा आहे का म्हणून, त्याचेच आजोबा निघाले यादीत.

व्यापारी संघाचे शेठ गाळ्यांच्या बाजूचे. त्यांना खलनायक करायचं नाही मला, बाजारात पोरांना गाळे मिळत नाहीत हे खरंच आहे. पण नंबर २१७ त्यांच्याच आजोबांचा: पितळी तराजू आणि शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक. १९६२ ला मेट्रिक वजनं सक्तीची झाल्यावर माळ्यावर टाकलेली. आम्ही मुद्दाम पत्रिका दिली होती. आले, तराजू उचलून पारडी सारखी आहेत का बघितली, धंद्याची सवय, आणि विचारलं, हे परत मागता येतं का? म्हटलं नाही शेठ, ट्रस्टला दिलेलं परत जात नाही. काही न बोलता गेले. मला वाटलं संपलं, उगाच डिवचलं.

तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी "गाळ की गाळे?" असं गधेगाळाच्या फोटोखाली लिहून फिरवलं होतं, गोणपाटाशिवाय. माझ्या बायकोला तो मेसेज तिच्या माहेरच्या ग्रुपवर आला.

जूनमध्ये वर्गणी काढून एका इंजिनिअरिंग कॉलेजकडून ऑडिट करून घेतलं. सी-२बी आलं, म्हणजे इमारत खाली न करता दुरुस्ती करता येईल, मागची भिंत आणि तीन वासे बदला. तो अहवाल, फाईलमधलं ते एक पान, आणि ह्या वेळी हद्दीतल्या ८४० सह्या घरनंबरासकट. पंधरा दिवस आधी अर्ज देऊन १ जुलैच्या लोकशाही दिनाला कलेक्टर ऑफिसात उभा राहिलो. माझी वेळ चार मिनिटं असेल. पुन्हा तपासून निर्णय घ्या असा शेरा पडला.

ऑगस्टमध्ये मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं. शेठ आधीच बसलेले. त्यांनीच सुचवलं होतं म्हणे, गाळे मागच्या आवारात काढा, पुढची इमारत राहू द्या. तर ठरलं ते असं: करार तीन वर्षांचा, दुरुस्ती आमच्या खर्चाने, दहा वर्षांचं थकलेलं भाडं हप्त्याने, आणि मागची पडवी व आवार गेलं. त्यात गुरुजींनी लावलेला सोनचाफा पण गेला. काही जण अजून म्हणतात की अडून बसायला हवं होतं. कदाचित. पण रेकॉर्डला नाव नसलेल्या माणसाने किती अडायचं?

पडवी गेल्याने गधेगाळ हलवावा लागला. सहा जण, दोन पहारी, ट्रकचे जुने टायर, एक सबंध सकाळ. आता तो पुढच्या व्हरांड्यात, दारातून शिरताना पहिला दिसतो. गोणपाट काढून टाकलंय. डिसेंबरात सहल आली तेव्हा एका बाईंनी विचारलं हे काय आहे आणि मी कान लाल करत सगळं सांगितलं. मुलं हसली, मग एकीने विचारलं की चंद्रसूर्य अजून आहेत तर मग ती जमीन कुणाकडे आहे?

बदल अर्ज दाखल केलाय. चारपैकी तीन मृत्यूचे दाखले मिळालेत, चौथे गृहस्थ मुंबईत कुठल्या वॉर्डात वारले ते शोधतोय, पुढची तारीख महिनाअखेरीस आहे.