डाळिंबाच्या पानातला डीएनए तपकिरी का होतो

डाळिंबाच्या पानातून डीएनए काढताना जे बिघडायचं ते पहिल्या पाच मिनिटांतच बिघडतं. पेशी फुटली की टॅनिन (पानातली तुरट द्रव्यं) आणि एन्झाइम एकत्र येतात, हवा लागते, क्विनोन (तपकिरी रंग देणारी संयुगं) तयार होतात आणि ते डीएनएला जे चिकटतात ते कायमचे. पेलेट (शेवटी ट्यूबच्या तळाशी बसणारा डीएनएचा गोळा) तपकिरी आला तर धूत बसू नका, नवं पान घ्या.

पान पूर्ण उघडलेलं पण मऊ हवं, आणि तेही पहाटे तोडलेलं. रात्रभरात पानातला स्टार्च कमी झालेला असतो. सांगोल्याकडून सोलापूरला यायला दोन तास धरा, त्यात मे महिन्याचं ऊन. पिशवी बर्फावर ठेवा, पण पान ओलं होऊ देऊ नका. पानावर बोर्डो मिश्रणाचे (तांब्याचं बुरशीनाशक) निळे डाग असतील तर आधी नीट धुऊन पुसा, कारण तांबं पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणारी प्रक्रिया) अडवतं.

पेशी फोडायचा बफर असा: सीटॅब (साबणासारखा पदार्थ) २ टक्के, मीठ १.४ मोलर, ट्रिस १०० मिलिमोलर (पीएच ८), ईडीटीए २० मिलिमोलर, पीव्हीपी (टॅनिन धरून ठेवणारा पदार्थ) २ टक्के. तो ६५ अंशांवर गरम करून तयार ठेवा. दर मिलिलिटरला १० मायक्रोलिटर बीटा-मरकॅप्टोइथेनॉल (तपकिरी होणं रोखणारं) ऐनवेळी, फ्यूम हूडमध्येच (वाफ ओढून घेणारं कपाट) घाला. १०० मिलिग्रॅम पान द्रव नायट्रोजनमध्ये कुटा आणि पूड वितळायच्या आत १ मिलिलिटर बफर ओता. नायट्रोजन नसेल तर खलात गरम बफर घालूनच वाटा. कोरडं पान वाटून मग बफर घालणं, इथेच बहुतेकांचं चुकतं.

४५ मिनिटं ६५ अंशांवर, मधूनमधून ट्यूब हलक्या हाताने उलटी करा. नंतर बर्फावर ठेवू नका, थंडीत सीटॅबच खाली बसतो. तेवढ्याच आकारमानाचं क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (२४:१) घालून १२,००० आरपीएमला १० मिनिटं फिरवा. वरचा थर घेताना मधल्या पांढऱ्या पापुद्र्याला टिप लावू नका, थोडा थर मागे राहिला तरी चालेल.

डाळिंबात चिकट पॉलिसॅकराइडही (स्टार्चसारख्या लांब साखळीच्या शर्करा) भरपूर. म्हणून त्या थरात निम्मं ५ मोलर मिठाचं द्रावण आणि मग दुप्पट गार इथेनॉल घाला. जास्त मिठात पॉलिसॅकराइड विरघळलेलं राहतं, डीएनए तेवढा खाली येतो. ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा, ५० मायक्रोलिटर टीई बफरमध्ये घ्या, आरएनएज (आरएनए तोडणारं एन्झाइम) घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा.

नमुना किती प्रकाश शोषतो यावरून शुद्धता कळते. २६०/२८० नॅनोमीटरचं गुणोत्तर १.८ आलं म्हणून निश्चिंत होऊ नका, २६०/२३० सुद्धा पाहा. ते २ च्या आसपास हवं. पीसीआरला मूळ नमुन्यासोबत दहापट पातळ केलेलाही लावा. पातळमध्ये बँड (जेलवर दिसणारी डीएनएची पट्टी) आला आणि मूळमध्ये नाही, तर डीएनए आहे, सोबत टॅनिनसारखं पीसीआर अडवणारं काहीतरीही आहे.