केबिनमधली रात्र आणि करमुक्त भत्ता

ब्रिटनमधील एका मालवाहतूक कंपनीचे पगारपत्रक तयार करताना माझा बराचसा वेळ लॉरीचालकांच्या रात्रभत्त्यातच जातो. कामासाठी घर आणि नेहमीच्या डेपोपासून दूर मुक्काम करावा लागलेल्या व त्यापायी खरोखर खर्च केलेल्या चालकाला एका रात्रीचे ३४.९० पौंड करमुक्त देता येतात. मात्र गाडीच्या केबिनमध्येच झोपण्याची सोय असेल, तर हा आकडा २६.२० पौंडांवर, म्हणजे सुमारे पाऊणपट, येतो. परवा एका चालकाने चहाचे डाग पडलेली रात्रीच्या जेवणाची पावती माझ्यापुढे ठेवून विचारले, ‘केबिनमधली झोप स्वस्त असते, हे ठरवणारा तिथे कधी झोपला आहे का?’ मला हसू आले, पण नोंद २६.२० पौंडांचीच केली.