कुडलचा संगम: एका छायाचित्रासाठी दोन पहाटा

सोलापूरहून सुमारे ४० किलोमीटरवर हत्तरसंग कुडल येथे भीमा आणि सीना यांचा संगम होतो. समोर वाळूचा पट्टा, त्याच्या दोन्ही अंगांनी येणारे प्रवाह आणि नदीवर उगवता सूर्य, अशी चौकट माझ्या मनात वर्षभर होती.

सूर्याचे गणित सोपे होते. भीमा एकूण आग्नेयेकडे वाहते आणि डिसेंबरअखेरीस इथला सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो. जूनमध्ये तो तितकाच उत्तरेकडे सरकतो, म्हणून ही चौकट हिवाळ्यातच मिळते.

पाण्याचा विचार मात्र मी केला नव्हता. पहिल्या पहाटे घाटावर उतरलो, तेव्हा वाळूचा मागमूसही नव्हता आणि भीमा काठोकाठ वाहत होती. जाळे आवरणाऱ्या एका वयस्कर मासेमारांना मी विचारले, तर ते म्हणाले, "वरून पाणी सोडलंय की! आता बरेच दिवस वाळू दिसायची नाही." सोलापूर शहराच्या पिण्यासाठी उजनी धरणातून भीमेत पाणी सोडले जात असल्याचे मी वर्तमानपत्रात अनेकदा वाचले होते, पण त्याचा माझ्या चौकटीशी संबंध जोडणे राहून गेले. म्हणून निघण्यापूर्वी स्थानिक बातम्या पाहाव्यात आणि शक्य झाल्यास गावात कोणाला तरी पाण्याविषयी विचारावे.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. पायऱ्यांवर, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, वाळलेल्या गवताच्या काड्या चिकटलेली मातीची रेघ होती. मागच्या वेळचे पाणी तिथवर होते. खाली वाळू उघडी पडली होती. सूर्योदय सातला दहा मिनिटे कमी असताना होता, परंतु पाण्यावरचे धुके त्याआधीच सर्वांत देखणे असते, त्यामुळे सहाच्या आत पोहोचावे. तिवईचे पाय ओल्या वाळूत खचतात. खाली चपटे दगड ठेवले, तेव्हा एफ ११ (भिंगाच्या छिद्राचे माप), आयएसओ १०० (प्रकाशसंवेदनशीलता) आणि शटर उघडे राहण्याच्या पाव सेकंदाला चित्र स्थिर आले. भिंगावर दव साचते, यासाठी कोरडे सुती फडके जवळ हवेच.

ऊन चढल्यावर संगमेश्वर मंदिर पाहावे. येथील शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख वाचायचा असेल, तर बॅटरीचा उजेड समोरून न टाकता बाजूने तिरका धरावा. झिजलेली अक्षरे सावलीमुळे उठून दिसतात.