तुम्ही विचारलंत म्हणून: आईचं माहेर आणि कलम ६

कॅनडातल्या सस्कटून शहरात राहायला आल्यापासून मी लिलियन डिक यांच्याबद्दल इतकी बोलते की ओळखीची माणसं आता सरळच विचारतात, ‘कॅनडात एवढे नेते असताना तुम्हाला याच बाई का?’ त्या ‘पहिल्या’ म्हणून, असा बहुतेकांचा अंदाज असतो. कॅनडाच्या सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात गेलेल्या फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे तिथल्या मूळ आदिवासी समाजांमधल्या त्या पहिल्या स्त्री, हे खरंच आहे. पण मला त्या जवळच्या वाटतात त्या आईच्या तुटलेल्या माहेरामुळे.

त्यांच्या आई ईव्हा मॅकनॅब, सस्कॅचेवान प्रांतातल्या गॉर्डन रिझर्व्हवरच्या (आदिवासींसाठी राखलेल्या जमिनीवरच्या) क्री जमातीच्या. वडील योक लीन क्वान १९१२ साली चीनमधून आले. चिनी माणसाला देशात शिरतानाच तेव्हा ५०० डॉलर कर भरावा लागे. त्याच वर्षी सस्कॅचेवान सरकारने कायदा केला, की चिनी मालकाने गोऱ्या बाईला नोकरीवर ठेवायचं नाही. तरी प्रेअरीवरच्या गावोगावी चिनी माणसांचे छोटे कॅफे चालत. क्वानही कॅफेच चालवत.

ईव्हा यांनी क्वान यांच्याशी लग्न केलं आणि सरकारदरबारी त्यांचं क्री असणंच संपलं. आदिवासींना ‘इंडियन’ म्हणणारा ‘इंडियन अ‍ॅक्ट’ हा कायदा तसं सांगत होता, आणि हा नियम १८६९ पासूनचा. बाईने ‘इंडियन’ दर्जा नसलेल्या पुरुषाशी लग्न केलं की तिचं नाव सरकारी यादीतून कमी. रिझर्व्हवर राहण्याचा हक्क गेला, मेल्यावर तिथल्या मातीत पुरलं जाण्याचाही गेला. पुरुषाने गोरी बायको केली तर तिला मात्र कायद्याने ‘इंडियन’ दर्जा मिळे. लेक परक्याचं धन, असं आपल्याकडे म्हणतात. तिथे ते सरकारने कायद्यातच लिहून ठेवलं होतं. ते वाचल्यावर मला किती तरी वेळ दुसरं काही सुचेना.

क्री असल्याचं कुणाला सांगू नका, चिनी म्हणूनच राहा, अशी ईव्हा यांची मुलांना ताकीद होती. लिलियन दहा वर्षांच्या असताना त्या गेल्या, पण मुलीने ती ताकीद पुढे कित्येक वर्षं पाळली. सस्कॅचेवान विद्यापीठात शिकून, मेंदूतल्या रसायनांवर काम करून १९८१ मध्ये पीएचडी मिळवली, तेव्हा कुठे त्यांनी आपण क्री असल्याचं उघडपणे सांगितलं. पुढे त्याच विद्यापीठात त्या प्राध्यापक झाल्या.

२००५ मध्ये पंतप्रधान पॉल मार्टिन यांनी त्यांना सिनेटवर नेमलं. त्या एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) या पक्षाच्या म्हणून बसायला तयार होत्या. पण त्या पक्षाला सिनेटच नको असल्याने त्याने त्यांना आपलं म्हटलं नाही. पुढे त्या लिबरल पक्षात गेल्या. हे सगळं माझ्या दृष्टीने किरकोळ.

खरं काम ‘इंडियन अ‍ॅक्ट’च्या कलम ६ चं, म्हणजे ‘इंडियन’ दर्जा कुणाला ते ठरवणाऱ्या कलमाचं. १९८५ च्या दुरुस्तीने लग्नामुळे दर्जा गमावलेल्या बायकांना तो परत मिळाला, पण तो कमी प्रतीचा. भावाची नातवंडं यादीत, बहिणीची बाहेर, असं होत राहिलं. २०१५ मध्ये क्वेबेक प्रांताच्या न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि सरकारला एस-३ हे विधेयक आणावं लागलं. आदिवासी समाजांविषयीच्या सिनेट समितीच्या अध्यक्ष तेव्हा डिक होत्या. सरकारला तेवढ्यापुरतं ठिगळ लावायचं होतं. सिनेटने २०१७ मध्ये बायकांना थेट ६(१)(अ), म्हणजे पुरुषांच्या बरोबरीचा दर्जा देणारी दुरुस्ती घातली. कनिष्ठ सभागृहाने ती काढली. पुन्हा घासाघीस झाली आणि डिसेंबरमध्ये ती तरतूद कायद्यात आली, पण अंमलाची तारीख न घालता! अखेर १५ ऑगस्ट २०१९ ला ती लागू झाली. वर्षभराने, पंचाहत्तरीला, डिक नियमाप्रमाणे निवृत्त झाल्या.

आदिवासी स्त्रियांवर हिंसा करणाऱ्यांना शिक्षा ठरवताना ती स्त्री आदिवासी आहे हे न्यायाधीशाने गंभीर मानावं, असंही एक विधेयक त्यांनी सिनेटमधून पार नेलं होतं. कनिष्ठ सभागृहात ते पडलं. मला ते आजही लागतं.

मला या बाईंचं मोठेपण दिसतं ते इथे. आईचं दुःख त्यांनी भाषणापुरतं वापरलं नाही. ज्या कलमाने ते दिलं, त्या कलमालाच त्या भिडल्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हाही एक गाठ उरलीच होती. लागोपाठ दोन पिढ्यांनी दर्जा नसलेल्या माणसांशी संसार केला, की पुढच्या मुलाचा दर्जा संपतो, हा नियम त्या दुरुस्तीनंतरही तसाच राहिला.